तळाचा घोट

फ्रिजच्या दारातली बाटली भरलेलीच होती. कामावरून आले, पायातल्या चपला काढल्या, फ्रिज उघडला आणि हात तिथेच थांबला. काळं कोल्ड्रिंक, गळ्यापर्यंत, झाकणाचं सीलसुद्धा तुटलेलं नाही. आता कुणी म्हणेल, बाई गं, बाटली भरलेली आहे यात बोंब मारण्यासारखं काय आहे? पण लग्न झाल्यापासून या घरात मी आल्यावर ती बाटली भरलेली कधीच नव्हती. हे माझ्याआधी घरी येतात. आले की हातपाय धुवायच्याही आधी फस्स असा आवाज, मग खुर्ची, मग घटाघट. आणि मी येईपर्यंत बाटलीच्या तळाशी एक घोट उरलेला, झाकण घट्ट लावलेलं, बाटली परत फ्रिजच्या दारात. तो घोट माझा. घरात भांडण झालेलं असो, माझ्या माहेरचं कुणी गेलेलं असो, त्यांना ताप असो, घोट ठेवलेला असायचाच. मी आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. आमचे हे खिडकीशी बसून पायाची नखं कापत होते. म्हटलं, "बरं नाही का?" म्हणाले, "बरंय की. का गं?" म्हटलं, "काही नाही." आणि त्या 'काही नाही'पासून माझं सगळं सुरू झालं.

मी संशयी आहे असं माझी नणंद सांगत फिरते. फिरू दे. संशय हा माझा धंदाच आहे, त्याचाच पगार मिळतो मला. एका मोठ्या दुकानात परत आलेल्या मालाच्या काउंटरवर मी बसते. लोक वस्तू नेतात, वापरतात, आणि 'एकदाही वापरली नाही हो' म्हणत परत आणतात. मग मी कोट घेऊन कॉलर हुंगते. बुटाचा तळवा उजेडात धरते. इस्त्रीच्या वायरला पडलेली मोड बघते, नव्या वायरची मोड वेगळी असते आणि घरी नेऊन गुंडाळलेल्या वायरची वेगळी. समोरचा माणूस शपथा घेत असतो आणि मी त्याच्या तोंडाकडे बघतही नाही, कारण तोंड खोटं बोलतं, तळवा बोलत नाही. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस घरी येऊन डोळे काढून खुंटीला टांगू शकतो का? मी त्यांचा शर्ट धुवायला टाकताना हुंगला. ग्रीसचा वास, घामाचा वास, तो असणारच. लिफ्ट दुरुस्त करतात ते, दिवसभर इमारतींच्या पोटातल्या त्या अंधाऱ्या उभ्या शाफ्टमध्ये लोंबकळत असतात. पण त्या दिवशी वासात आणखी काहीतरी होतं. हिरवं, ओलसर. काकडी. लिफ्टच्या शाफ्टमध्ये काकडी कुठून येणार, सांगा बरं मला.

दुसऱ्या दिवशीही बाटली भरलेली, तिसऱ्याही. आणि ओट्यावर, सिंकच्या कडेला, एक नवी निळी स्टीलची बाटली उभी. कुणाची? "आमच्या ऑफिसात वाटल्या," हे म्हणाले, आणि म्हणताना टीव्हीकडे बघत होते, जो बंद होता. माझ्या शेजारच्या काउंटरवर एक बाई बसते, तिला आम्ही वकीलबाई म्हणतो, कारण ती गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेतल्याशिवाय पावती देत नाही. तिला मी जेवणाच्या सुट्टीत सहज म्हणून सांगितलं. सहज कसलं, रात्रभर ठरवून सांगितलं. तिने डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, "ऑफिसात वाटतात त्या बाटलीवर कंपनीचं नाव छापलेलं असतं. हिच्यावर आहे?" नव्हतं. "मग कुणीतरी दिलीय," ती म्हणाली. "हे बघ, पुरुषमाणूस पन्नाशी उलटल्यावर जुनी सवय सोडतो ती दोनच कारणांनी. एक डॉक्टर, नाहीतर दुसरी बाई. डॉक्टर असता तर घरी सांगितलं असतं की नाही?" मी म्हटलं, "आमच्या ह्यांच्याकडे कोण बघतंय!" आणि हसले. पण डबा अर्धाच ठेवला. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठे हे मला दिसत नव्हतं.

सोडून देण्याचं नाटक या माणसाने आधी कितीदा तरी केलेलं. दर वेळी दवंडी पिटून. आजपासून बंद म्हणजे बंद! एकदा तर सगळ्या बाटल्या सिंकमध्ये ओतल्या, मला शेजारी उभं करून, जसं काही फीत कापायची आहे. सगळा ओटा चिकट झाला आणि पुसला मी. नव्याचे नऊ दिवससुद्धा नाहीत हो, रविवारी बाथरूमच्या बंद दाराआडून फस्स. आंघोळीचा आवाज कसा असतो आणि फस्स कसा असतो हे मला कळत नाही असं वाटलं असेल. मग नणंदेकडे जेवायला गेलो तेव्हा मी ताटावर बसल्याबसल्या सगळ्यांना त्या आवाजाची नक्कल करून दाखवली. नणंद हसून हसून लोळली, तिचा नवरा डोळे पुसत होता. "तुमच्या भावाचा निश्चय म्हणजे बाटलीतला फेस," मी म्हटलं, "झाकण उघडलं की वर, आणि पाहता पाहता खाली." हेही हसले. सगळ्यात शेवटी हसले, पण हसले. आणि आता बघा, ना दवंडी, ना फीत. काय बदललं म्हणून विचारावं तर ताकास तूर लागू देत नव्हते. गुपचूप केलेलं काम चांगलं असू शकतं ही कल्पनाच मला नाही. माझ्या काउंटरवर गुपचूप असं जे काही येतं, ते वापरलेलंच असतं.

मी पाळत ठेवली. डोळ्यांत तेल घालून म्हणतात तशी. रोज निघताना बाटली फ्रिजच्या दारात नीट मांडायची, समोर, लेबल पुढे करून, आणि संध्याकाळी येऊन बघायची. ते हात लावत नव्हते. मग मीच एक दिवस झाकण उघडून ठेवलं, म्हटलं, निदान उघडी असली तर मोह होईल. नाही झाला. उघडलेल्या बाटलीतला गॅस जातो, फुकट कशाला घालवा म्हणून मी अर्धा पेला घेतला. मला कोल्ड्रिंक आवडत नाही, हे मी सगळ्यांना सांगत आले आहे. पार्टीतही मी पाणीच घेते. मी फक्त तो तळचा एक घोट घेते. पण आता तळच उरलेला नव्हता ना, सगळी बाटलीच माझ्यासमोर होती, आणि मी वरून खाली पीत गेले तरी तो घोट येईना. गोड होतं, जिभेला टोचत होतं, पण तो नव्हता तो. दुसऱ्या दिवशी पूर्ण पेला. मग एक छोटी बाटली पर्समध्ये. काउंटरवर गिऱ्हाईक नसलं की खाली वाकून पावत्यांचा गठ्ठा शोधल्यासारखं करायचं आणि एक घोट. दुपारी डोकं दुखायचं, आणि घोट घेतला की थांबायचं. वकीलबाईने विचारलं, "तुला कधीपासून लागलं हे?" मी म्हटलं, "आमच्या ह्यांना पुरावा हवा म्हणून आणते." या वाक्याचा अर्थ काय होतो ते तिलाही कळलं नाही आणि मलाही.

त्या घोटाची गोष्ट सांगायला हवी. आमचं ठरायच्या आधी आम्ही एकदाच बाहेर भेटलो होतो. घरच्यांनी 'जा, बोलून या' म्हणून पाठवलेलं, आणि बोलायला दोघांकडेही काही नाही. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. उकाडा मरणाचा. त्यांनी एक बाटली आणली, एकच. मला वाटलं, आधी मला देतील. नाही. स्वतः तोंडाला लावली आणि पीत राहिले, पीत राहिले, मी मनात म्हणतेय, काय अडाणी माणूस आहे, घरी जाऊन 'नाही' सांगते. आणि मग थांबले. तळाशी घोटभर ठेवून बाटली माझ्यापुढे धरली. म्हणाले, "हा तुमचा. साखर खाली बसते ना, शेवटचा घोट सगळ्यात गोड असतो." इतक्या गंभीरपणे म्हणाले की मी विश्वास ठेवला. बाटलीत साखर खाली बसत नसते, हे पुढे कधीतरी आम्हा दोघांनाही कळलंच असेल. कुणी काही बोललं नाही. त्यांनी ठेवायचा, मी प्यायचा. मुलगी लहान असताना एकदा तिने तो पिऊन टाकला तर तिला चक्क रागावले होते, "तो आईचा आहे." मुलगी आता तिच्या घरी आहे, फोनवर म्हणते, "आई, बाबांनी सोडलं हे चांगलंच की गं, तू अशी का बोलतेस?" काय सांगू तिला? माझा घोट बंद झालाय असं सांगू? हसेल ती. शिवाय घोट बंद झाला म्हणजे आणखी काय काय बंद झालं, हे तिला सांगायचं नसतं. त्यांच्या खोकल्यावरून ते कुठल्या खोलीत आहेत हे मला कळतं, पण ते कशाचा विचार करतायत हे आता कळत नव्हतं. मला भीती वाटत होती. राग नव्हे, भीती. हा माणूस मला सोडून कुठेतरी निघाला आहे आणि सामान आधी थोडं थोडं पुढे पाठवतोय.

आणि त्या निळ्या बाटलीचा मला संताप. संध्याकाळी आले की ती सिंकच्या कडेला उभी. उचलली की आत डुचमळायचं. रोज तळाशी थोडं पाणी. कधी त्यात काकडीची चकती, कधी पुदिन्याचं काळं पडलेलं पान, कधी लिंबाच्या बिया. पिऊन संपवायची नाही आणि ओतून विसळायचीही नाही, ते कुणी करायचं, तर मी! सिंकवरच्या खिडकीत एक कुंडी आहे, त्यातलं झाड बरेच दिवस मरू की जगू करत होतं. मी तणतणत उरलेलं पाणी त्याच्यात ओतायची आणि बाटली घासून उपडी घालायची. "एवढं पाणी जड झालं का प्यायला?" एकदा मी मोठ्याने म्हटलं. वकीलबाईचं म्हणणं, कुणीतरी प्रेमाने भरून देतं म्हणून पुरवून पुरवून पितात, संपवायला मन होत नाही. ते मला इतकं पटलं की मी रागाने बाटलीचं बूड तारेच्या घासणीने घासलं, चरे पडेपर्यंत. झाडाला मात्र नवी पानं फुटली. मेलं कुणाचं काय आणि कुणाचं काय.

शेवटी रजा टाकली. दातांच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणून सांगितलं. बरेच दिवस ते एकाच इमारतीतली जुनी लिफ्ट दुरुस्त करत होते, कुठली इमारत ते बोलता बोलता कळलं होतं. डोक्यावर स्कार्फ बांधला, नको तेव्हा छत्री घेतली. या वयात नवऱ्याचा पाठलाग! स्वतःचीच लाज वाटत होती आणि पाय चालतच होते. आत मोठा थंड हॉल, गुळगुळीत फरशी, एका बाजूला टेबलामागे बसलेली पोरगी, आणि भिंतीशी कोल्ड्रिंकचं मशीन, आतून दिवे लावलेलं, देव्हाऱ्यासारखं उजळलेलं. मी खांबाआड उभी राहिले. पर्समध्ये माझी छोटी बाटली होती, तिच्यावर माझा हात. मग लिफ्टचं दार उघडलं, आत लिफ्ट नव्हतीच, नुसता अंधार, आणि त्या अंधारातून आमचे हे वर आले. ग्रीसने माखलेले हात, तोंड लाल, शर्ट पाठीला चिकटलेला. किती म्हातारे दिसले मला ते. घरी नाही दिसत. हात पुसत पुसत सरळ मशीनपाशी गेले. काचेजवळ तोंड नेऊन उभे राहिले. मी म्हटलं, आता! आता सापडले रंगेहाथ. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. पी रे बाबा, मी मनात म्हणत होते, पी एकदाची, म्हणजे ये रे माझ्या मागल्या, आणि घरी गेल्यावर फ्रिजच्या दारात माझा घोट.

टेबलामागची पोरगी ओरडली, "काका, आज पण नाही?" हे हसले. "आज पण नाही, बाळा." आणि काचेला पाठ करून जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. पिशवीतून निळी बाटली काढली आणि तोंडाला लावली. पाणी पिताना मी त्यांना कधी इतकं निरखलं नव्हतं. गळ्याची गाठ वरखाली होत होती, डोळे मिटलेले, थेंब हनुवटीवरून कॉलरमध्ये. आणि मध्येच थांबले. बाटली डोळ्याशी धरून आत एका डोळ्याने पाहिलं. जरासं हलवून अंदाज घेतला. मग झाकण लावलं, घट्ट, तळहाताने दाबून पिळलं, तसंच, जसं इतकी वर्षं फ्रिजपाशी उभं राहून पिळत आलेत. बाटली पिशवीत ठेवली. आणि उठून कोपऱ्यातल्या पाण्याच्या मशीनपाशी गेले, कागदी पेला घेतला, प्यायले, पुन्हा भरला, पुन्हा प्यायले, तहान भागेपर्यंत. मी खांबाला धरलं. तळवा खोटं बोलत नाही म्हणणारी मी, रोज बाटलीचा तळ हातात घेऊन घासत होते, आणि मला दिसलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! छत्री तिथेच खांबाशी विसरले.

घरी आले आणि स्वयंपाकघरात बसून राहिले. पर्समधली बाटली काढून ओट्यावर ठेवली, उघडली नाही. डोकं ठणकत होतं. ते आले. मला घरी बघून दचकले. "आज लवकर?" मी म्हटलं, "का सोडलंत?" त्यांनी पिशवी खाली ठेवली. निळी बाटली काढून सिंकच्या कडेला, तिच्या जागी, ठेवली. मग म्हणाले, "कंपनीच्या तपासणीत साखर निघाली. काठावर आहे. पुढच्या तपासणीला वाढली तर शाफ्टमध्ये उतरू देणार नाहीत, टेबलावर बसवतील." "आणि ही बाटली?" "मीच घेतली. आधी कामावर अर्धं कोल्ड्रिंक अर्धं पाणी, मग नुसतं पाणी जाईना म्हणून काकडी, पुदिना, काय काय. आता जातं." मी म्हटलं, "मला सांगायला काय झालं होतं? मी कोण आहे?" तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "सांगितलं असतं तर तू हसली असतीस," ते म्हणाले. "हसायला हरकत नाही गं. पण तू हसलीस की मला मागच्या वेळचा मी आठवतो. आणि मग मी पितो." एवढं बोलून हात धुवायला आत गेले. जाता जाता ओट्यावरच्या माझ्या बाटलीवरून त्यांची नजर गेली, थांबली, पुढे गेली. ती त्यांना नवी नव्हती. फ्रिजमधली पातळी रोज कोण उतरवतंय, हे न कळायला ते काही आंधळे नव्हते. माझ्यावर त्यांनी पाळत ठेवली नव्हती, पण त्यांना सगळं माहीत होतं.

नळाचा आवाज येत होता. मी निळी बाटली उचलली. आत डुचमळलं. झाकण इतकं घट्ट की पदराने धरून उघडावं लागलं. तोंडाला लावली. कोमट होतं पाणी, दिवसभर त्या शाफ्टमध्ये हिंडलेलं, स्टीलचा वास येणारं. पण लिंबाचा गर सगळा खाली बसला होता, तो सगळा त्या एका घोटात आला, आंबट, कडवट, जिभेवर बी. मी रडत होते की काय कोण जाणे, नाक वाहत होतं. नळ बंद झाला होता, तेही मला कळलं नाही. ते दारात उभे होते, ओले हात तसेच, टॉवेल खांद्यावर.

"आज झाडाला नाही घातलंस?" ते म्हणाले.

म्हणजे हेही माहीत होतं. रोज ओतून टाकते हे दिसत होतं, आणि तरी रोज ठेवत होते. बी दाताखाली आली होती, ती तळहातावर काढली आणि कुंडीत टाकली.

"उद्या बिया काढून टाका," मी म्हटलं. "आणि लिंबू जरा जास्त पिळा. खाली बसतं ते."